नकार एक्केचाळीस

सोमवार, ४ सप्टेंबर

आजपासून पूर नियंत्रण केंद्रात रुजू. काम ऐकायला सोपं आहे. इथल्या ऑपरेटर लोकांसमोर एक काळा पडदा असतो. त्यावर ते हुकूम टाइप करतात. हे दार उघड, तो पंप बंद कर. यंत्र ऐकतं, नाहीतर नाही म्हणतं. कोणाला काय करू द्यायचं आणि काय नाही, याचे नियम आत भरलेले आहेत. पण नाही म्हणताना यंत्र जे बोलतं ते कोणालाच कळत नाही. ते माणसाला कळेल असं लिहायचं, हे माझं काम. आजवर औषधाच्या खोक्यांतले घडीचे कागद सोप्या भाषेत लिहिले. ते कोणी वाचत नसे. हे निदान वाचावं तरी लागेल.

मुख्य अभियंता एक बाई आहेत, सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणतात. माझ्या जोडीला प्रोग्रॅमर दिलाय. त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरतो आणि त्याला हाकही ‘चष्मा’ अशीच मारतात. ऑपरेटरांत सगळ्यात धाकटा तो ‘पैलवान’, अंगाने काडीसारखा. आणि सगळ्यात जुना आमचा दादा. माझा सख्खा भाऊ इथला मुख्य ऑपरेटर आहे म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं त्यानेच मला चिकटवलं. खरं तर जाहिरात आली तेव्हा तो म्हणाला होता, “तिथे काय ठेवलंय? औषधं बरी होती की.”

बुधवार, ६ सप्टेंबर

शहराच्या पोटातून एक बोगदा जातो. वरच्या तलावात पाणी जास्त झालं की मुख्य दार उघडतात आणि पाणी बोगद्यातून थेट नदीत जातं. नाहीतर ते बाजारपेठेत शिरेल. दर गुरुवारी थोडं पाणी सोडून बोगदा धुतात, गाळ साचू नये म्हणून. आज पैलवानाने तोंड दाखवलं. टेकडीच्या पायथ्याशी सिमेंटची कमान, पुढे लोखंडी जाळीचं फाटक. उन्हात उभी होते तरी आतून गार हवा पायांवर येत होती. थोडी यायची, थांबायची, पुन्हा यायची. पैलवान म्हणाला, “दुसऱ्या टोकाला नदी आहे ना, वारा खेळतो.” मग स्वतःच दोन पावलं मागे सरकला.

बाकीचा दिवस नियम वाचण्यात गेला. प्रत्येक ओळीत चारच गोष्टी असतात: कोण, काय, कशावर आणि कधी नाही. चष्म्याला त्या तोंडपाठ आहेत, पण सांगता येत नाहीत. मी विचारलं, “नकार एकोणीस म्हणजे काय?” तर म्हणाला, “म्हणजे एकोणीस नंबरचा नकार.” मी विचारलं, लहानपणी आईने बोलायलाही असंच शिकवलं का. तो लाजला.

गुरुवार, ७ सप्टेंबर

धुलाई पाहिली. पैलवानाने हुकूम टाइप केला. पडद्यावर उमटलं: ‘नकार ४१ : ट-७ : मुख्य.’ त्याने क्षणभरही न थांबता तोच हुकूम पुन्हा दिला आणि शेवटी ‘फोर्स’ जोडलं, म्हणजे नकार असला तरी कर. दार उघडलं. जमिनीखालून कोणीतरी जड कपाट ओढत न्यावं तसा आवाज आला, लांबत लांबत गेला.

“हे नेहमी असंच?” मी विचारलं.

“दर गुरुवारी. एक्केचाळीस येतो, फोर्स मारायचा. मला दादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं.”

“पण एक्केचाळीस म्हणजे काय?”

त्याने खांदे उडवले. मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीपाशी पाठमोरा बसून पंपाच्या आकड्यांकडे बघत होता. “जुनं दुखणं आहे,” म्हणाला. “यंत्रालाही वय असतं.”

मंगळवार, १२ सप्टेंबर

एकेक नकार घेऊन त्याचं वाक्य करते. मग ते कोणत्याही ऑपरेटरला दाखवते आणि विचारते, आता तुम्ही काय कराल? त्याचं उत्तर बरोबर आलं तरच वाक्य पास. ‘अनधिकृत’ काढला, ‘निषिद्ध’ काढला. ‘नकार १९’ आता म्हणतो: ‘हा पंप फक्त मुख्य ऑपरेटर बंद करू शकतो. त्याला बोलवा.’ पैलवान म्हणाला, हे एवढंच म्हणत होता होय गेली चार वर्षं, मला वाटायचं शिव्या देतोय.

आज एक्केचाळीस घेतला. चष्म्याने नियम शोधून काढला आणि आम्ही ओळ न् ओळ उलगडली. सफाईला बोगद्यात जाणारा माणूस तोंडापाशी आपलं कार्ड लावतो. त्याला इथे ‘लॉक लावणं’ म्हणतात. लॉक असेपर्यंत मुख्य दार उघडायचं नाही. बाहेर आल्यावर त्यानेच कार्ड पुन्हा लावून लॉक काढायचा. दुसऱ्या कोणी काढलेला चालत नाही. ट-७ हा कार्डाचा नंबर.

मी वाक्य केलं. ‘मुख्य दार उघडता येत नाही. बोगद्यात एक माणूस आहे (कार्ड ट-७). तो बाहेर येऊन लॉक काढेपर्यंत दार बंद राहील.’

टाइप करून झालं. चष्म्याने चष्मा वर सारला. “लोक बाहेर येताना कार्ड लावायला विसरतात,” तो म्हणाला. “जुना लॉक राहिला असेल.”

“किती जुना?”

त्याने शोधलं. सध्याची नोंदवही यंत्रात यायच्या आधीपासूनचा. म्हणजे दहा-अकरा वर्षं तरी.

बुधवार, १३ सप्टेंबर

ट-७ कोणाचं, ते कोठारातल्या कारकुनाने लगेच सांगितलं. “काटक्याचं. जाळ्या साफ करायचा. शिडशिडीत होता, कुठेही शिरायचा. मग एक दिवस बायकोला सोडून पळाला. सायकल स्टेशनवर सापडली त्याची.” म्हणजे चष्म्याचं खरं. बाहेर आला, कार्ड लावायचं राहिलं, गाडीत बसून गेला. वाक्य मात्र तसंच ठेवायचं, कारण नियम तेच म्हणतो. उद्या खरंच कोणी आत असेल तर?

घरी जेवताना हे सांगितलं. वहिनी म्हणाली, “अगं, तोच ना, शिवणाच्या ताईंचा नवरा?” कोपऱ्यावर ज्या कपडे शिवतात त्या. दादाचे सगळे शर्ट त्यांच्याकडचे. आमच्या दादाला शर्टांचं वेड आहे. कपाटात न घातलेले, घडी न मोडलेले शर्ट रचून ठेवलेत आणि दर महिन्याला नवीन कापड घेऊन हा निघाला. वहिनी मागे एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली होती, तुझ्या दादाचं तिथे काही आहे का गं? मी हसण्यावारी नेलं. आमचा दादा बायकांकडे मान वर करून बघत नाही. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. दादाने शिक्षण सोडून मला वाढवलं. अशा माणसाबद्दल असलं काही मनात आणवत नाही.

दादा आज अर्ध्या जेवणावरून उठला. पित्त झालंय म्हणाला.

गुरुवार, १४ सप्टेंबर

नव्या वाक्यांनिशी पहिली धुलाई. पैलवानाने हुकूम दिला आणि पडद्यावर उमटलं: ‘बोगद्यात एक माणूस आहे.’

त्याचा हात तसाच राहिला. गेली चार वर्षं दर गुरुवारी हा मुलगा डोळे झाकून फोर्स मारत आलाय. आज मारेना. “जुना लॉक आहे,” मी म्हटलं. “पळून गेलेल्या माणसाचा.” तो म्हणाला, “हो, कळलंय मला.” तरी मारेना. शेवटी तो उठून तोंडापर्यंत गेला, आत हाक मारून आला. मला त्याची हाक खोलीत ऐकू आली. नुसतीच ‘ओ’. उत्तर यायला वेळ लागला. त्याचाच आवाज होता अर्थात, आतून फिरून आलेला, पण थोडा उशिरा आणि थोडा खालच्या सुरात.

मग त्याने फोर्स मारला आणि खुर्ची मागे ढकलून बाहेर जाऊन उभा राहिला. दादा आज जागेवर नव्हता. पाणी सोडायच्या वेळेला तो कोठारात जाऊन बसला होता.

शनिवार, १६ सप्टेंबर

एक गोष्ट कळली, ती लिहून ठेवते. लॉकवर तारीख असते. ट-७ च्या लॉकवर दहा-अकरा वर्षांपूर्वीची तारीख हवी. पण तिथे परवाची आहे, गुरुवारची. मी चष्म्याला म्हटलं, हे कसं? कोणी कार्ड लावलं परवा?

तो बराच वेळ नियमांत डोकं घालून बसला. मग म्हणाला, “फोर्स मारला की यंत्र दार उघडतं, पण लॉक काढत नाही. उलट पुन्हा लावतं. नव्या तारखेने. सुरक्षेसाठी.”

“म्हणजे?”

“म्हणजे यंत्राच्या हिशेबाने आपण दर गुरुवारी पाणी सोडतो आणि तो पुन्हा आत जातो.”

चष्मा विनोदी माणूस नाही. तो हे विनोद म्हणून बोलला नाही. आम्ही दोघांनी चहा मागवला. दोघांचाही गार झाला.

मंगळवार, १९ सप्टेंबर

केंद्रात सगळे हळू बोलायला लागलेत. कोणी सांगितलेलं नाही. सफाईची माणसं तोंडाशी डबा खायला बसायची, ती आता इमारतीत येऊन बसतात. मॅडमनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “वाक्य चांगलं आहे. फारच चांगलं आहे. तो लॉक काढून टाकता येईल का बघा.” मी सांगितलं, नियमाप्रमाणे तो फक्त ट-७ स्वतः काढू शकतो. नियम बदलायचा तर वरची मंजुरी लागेल. त्या म्हणाल्या, अर्ज करते.

संध्याकाळी दादा माझ्या खोलीत आला. तो सहसा येत नाही, दारातूनच बोलतो. आज पलंगाच्या कडेला बसला.

“तेवढं एक वाक्य बदल,” म्हणाला.

“कोणतं?”

“पोरं घाबरतात. पैलवान गुरुवारची रजा मागतोय. ‘माणूस’ शब्द काढ. ‘जुनी नोंद शिल्लक’ असं काहीतरी कर.”

“पण दादा, खरंच कोणी आत असलं तर? तेव्हाही जुनी नोंदच दिसेल.”

“हल्ली आत जाताना फोन करून सांगतात. कोणी नसतं आत.” मग पलंगावरची चादर सारखी केली. “तुझ्याकडे कधी काही मागितलंय का मी?”

नाही मागितलं. कधीच नाही. मी उद्या बदलते म्हणाले. तो गेल्यावर मला माझाच राग आला. का, ते कळत नाही. एका वाक्याची तर गोष्ट.

गुरुवार, २१ सप्टेंबर

‘जुनी नोंद शिल्लक आहे. पुढे जायचं असल्यास फोर्स वापरा.’ पैलवानाने वाचलं, मोठा श्वास सोडला आणि फोर्स मारला. सगळं पूर्वीसारखं. दादा आज जागेवर होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, लहानपणी परीक्षेचा निकाल बघून हलवायचा तशी.

वाक्यात एक शब्दही खोटा नाही. तरी अंगावर ओला कपडा राहावा तसं दिवसभर वाटत राहिलं.

रविवार, २४ सप्टेंबर

वहिनीबरोबर शिवणाच्या ताईंकडे गेले, तिचा ब्लाउज आणायला. खोली एवढीशी, यंत्र खिडकीत, भिंतीला लागून शिवून झालेले कपडे टांगलेले. मी पूर केंद्रात आहे कळल्यावर त्यांनी पाय पायडलवरून काढला आणि यंत्र थांबवलं.

“तुमच्याकडे त्यांचं काही राहिलंय का?” विचारलं. “डबा, कपडे. मी मागायला गेले होते, तेव्हा तिथले लोक म्हणाले, पळून गेलेल्याचं काय ठेवणार.”

मी नाही म्हटलं. त्या शांतपणे बोलत राहिल्या. सासरचे म्हणतात तुझ्या स्वभावाला कंटाळून गेला. माहेरचे म्हणतात दुसरी असेल. मुलगी शाळेत वडिलांचं नाव लिहायची तेव्हा बाई विचारायच्या, आहेत की नाहीत. “मी काय सांगणार? कुंकू लावलं तरी लोक बघतात, नाही लावलं तरी बघतात.”

वहिनी म्हणाली, सायकल स्टेशनवर मिळाली ना? तर त्या म्हणाल्या, “तेच तर. मागचं चाक आदल्या दिवशीच बसलं होतं. सकाळी मीच म्हटलं, हवा भरून घ्या. कामावर उशीर होतोय म्हणून तशीच रेटत नेली. मग तिथून स्टेशनपर्यंत एवढ्या लांब रेटत नेली आणि तिथे टाकून दिली? पळणारा माणूस सायकल रेटत कशाला बसेल? पण हे कोणाला सांगू. चाकाचं कोणी ऐकून घेत नाही.”

निघताना त्या मला म्हणाल्या, “तुमच्या दादांना सांगा, शर्ट तयार आहे. फार चांगला माणूस. एवढ्या वर्षांत एकदाही भाव केला नाही.”

दादाला एवढंच सांगितलं, की ताईंकडे गेलो होतो, त्या अजून सायकलीचंच धरून बसल्यात. तो वर्तमानपत्र वाचत होता. खाली न ठेवताच म्हणाला, “चाक बसलेलं होतं तिचं.” दादाची स्मरणशक्ती अजूनही दांडगी आहे. मला कालची भाजी आठवत नाही.

मंगळवार, २६ सप्टेंबर

आज वाक्य परत बदललं. मूळचं ठेवलं. ‘बोगद्यात एक माणूस आहे.’

कारण नीट मांडता येत नाही. सायकलीचं चाक डोक्यातून जात नाही, एवढं खरं. त्या बाईला सगळे सांगतात तो निघून गेला, आणि अख्ख्या गावात एक यंत्र तेवढं म्हणतंय तो आत आहे, आणि मी त्या यंत्राच्या तोंडावर हात ठेवला. यंत्राचं चुकत असेल. पण चुकतंय हे मी ठरवायचं नव्हतं. मला भाषा सोपी करायला ठेवलंय, मऊ करायला नाही.

चष्म्याला म्हटलं, यापुढे आतल्या माणसांची संख्याही दिसू दे आणि सगळी कार्डं दिसू देत. त्याने मान डोलावली आणि करून टाकलं. दादाला सांगितलेलं नाही. गुरुवारी दिसेलच, तेव्हा बोलेल तर बोलेल.

गुरुवार, २८ सप्टेंबर

उद्यावर न टाकता आजच लिहायला हवं.

सकाळी दादाची रजा होती. चहा पिताना सहज विचारावं तसं विचारलं, “ते वाक्य अजून जुनी नोंदच आहे ना?” मी हो म्हटलं. उगाच सकाळी वाद नको म्हणून खोटं बोलले. “बरं झालं,” म्हणाला. मनगटावरचं घड्याळ काढून वहिनीला दिलं, पट्टा सैल झालाय म्हणून. मग आंघोळ करून नवा शर्ट घालून बाहेर पडला. मी म्हटलं कुठे, तर म्हणाला जरा पाय मोकळे करतो.

केंद्रात पोचले तर धावपळ. वरच्या डोंगरात मोठा पाऊस झाला होता आणि तलाव भराभर चढत होता. धुलाईचं थोडं पाणी नाही, दार पूर्ण उघडायचं होतं. मॅडम एका कानाला फोन लावून उभ्या, बाजार समितीचे लोक दुसऱ्या फोनवर. पैलवानाने हुकूम दिला.

‘मुख्य दार उघडता येत नाही. बोगद्यात दोन माणसं आहेत (कार्ड ट-७, कार्ड प-२). दोघं बाहेर येऊन लॉक काढेपर्यंत दार बंद राहील.’

मागची माणसं पडद्याजवळ सरकली. मग कोणीतरी मागून म्हणालं, “दोन कसे झाले?” पैलवान पडद्याकडेच बघत होता.  मला वाटतं आम्हा सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा एकच आलं, आणि ते कोणी बोललं नाही.

मॅडम म्हणाल्या, “फोर्स मारा, जुने लॉक आहेत.”

पैलवान म्हणाला, “मॅडम, प-२ दादांचं कार्ड आहे.”

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. मॅडम पडद्याजवळ आल्या, वाक्य बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. फोनवरचा माणूस ओरडत होता ते सगळ्यांना ऐकू येत होतं. त्या त्याला म्हणाल्या, “दार उघडणार नाही. आत माणसं आहेत. बाजार रिकामा करा.” आणि फोन उपडा ठेवला. पैलवानाने दोन्ही हात मांडीखाली घेतले, चुकून कळ दाबली जाईल म्हणून.

सफाईची माणसं दिवे घेऊन आत गेली. मी फाटकाशी उभी होते. ती गार हवा येत होती, थांबत होती. माणसांचे दिवे वळणापलीकडे गेले आणि मग नुसता अंधार आणि हाका. हाका मारणारे चौघं होते. फिरून येणारे आवाज मला जास्त वाटले.

दादा वळणापलीकडे बसलेला सापडला म्हणाले. भिंतीला टेकून, पाय लांब करून, देवळात बसतात तसा. टॉर्च न्यायला विसरला होता. बाहेर आणला तेव्हा बर्फासारखा गार. मला बघून पहिलं वाक्य बोलला, “का थांबलात?”

गारठ्याने भ्रमिष्टासारखं बोलत होता. मी माझी शाल त्याच्याभोवती गुंडाळली. त्याने कार्ड लावून स्वतःचा लॉक काढला, तेव्हा त्याचा हात मीच धरून तिथपर्यंत नेला. मग उरलेल्या ट-७ वर फोर्स मारून दार उघडलं तोवर बाजारात गुडघाभर पाणी आलं होतं. तळघरांतला माल गेला. माणूस कोणी गेला नाही.

संध्याकाळी मी विचारलं, कशाला गेला होतास रे? म्हणाला, “शोधायला.” कोणाला, ते विचारलं नाही. मला वाटलं त्यालाही पैलवानासारखं त्या वाक्याने पछाडलं असेल.

रविवार, १ ऑक्टोबर

दादाने सगळं सांगितलं. आधी वहिनीला, मग मला, मग माझ्याबरोबर येऊन मॅडमना.

त्या दिवशीही असाच वर पाऊस झाला होता. ड्युटी दादाची. काटक्या जाळीत अडकलेलं झाड काढायला आत गेला होता, दादाला ते ठाऊक नव्हतं. पडद्यावर नकार एक्केचाळीस आला. त्याने तो आधी कधी पाहिलेला नव्हता. कोणाला विचारायला वेळ नव्हता, साहेब फोनवर ओरडत होते, आणि फोर्स मारला की नकार जातो एवढं त्याला माहीत होतं. पाणी ओसरल्यावर तो तोंडाशी गेला, तर फाटकाला सायकल टेकवलेली. “मग मी ती स्टेशनवर नेऊन ठेवली,” म्हणाला. “तू तेव्हा शेवटच्या वर्षाला होतीस.”

एवढंच. माझ्या शिक्षणाचा उल्लेख त्याने कारण म्हणून केला की तारीख म्हणून, ते मला ठरवता आलं नाही. मी त्याच्या शेजारी बसून होते. हा माझा दादा, ज्याने मला सायकल शिकवली, मागून धरून पळत. तोच हात बसलेल्या चाकाची सायकल रेटत नेताना मला दिसत राहिला. मला त्याचा हात धरवला नाही. थोड्या वेळाने धरला.

मॅडम ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “त्या दिवशी पडद्यावर काय लिहून आलं होतं, नेमके शब्द सांगा.” दादाने सांगितलं: नकार ४१, ट-७, मुख्य. त्यांनी डोळे मिटले.

ताईंकडे दादा एकटा गेला. वहिनी आणि मी कोपऱ्यावर थांबलो. शिवणयंत्राचा आवाज चालू होता, तो बंद झाला. नंतर बराच वेळ काहीच नाही. मग यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि दादा बाहेर आला. काय म्हणाल्या, विचारलं. “म्हणाल्या, बसा. मग म्हणाल्या, जा.”

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

पोलीस येऊन गेले. दादाला चौकशीला रोज जावं लागतं. तिथून परत येतो, जेवतो, झोपतो. लहान मुलासारखा गाढ झोपतो, वहिनी म्हणाली, इतक्या वर्षांत असा झोपलेला पाहिला नव्हता. ती स्वतः मात्र त्याच्याशी बोलत नाही. वाढते, आणि आत जाते.

बोगदा नदीपर्यंत शोधला. काही मिळालं नाही. दहा-अकरा वर्षांच्या गुरुवारांनंतर काय मिळणार.

नियम बदलला. माणसाच्या लॉकवर यापुढे कोणालाच फोर्स मारता येणार नाही, मॅडमनासुद्धा नाही. आणि लॉक लावणारा बाहेर येऊ शकत नसेल तर त्याच्या घरच्या माणसाने समोर येऊन तो काढायचा. हे मी लिहिलं, एकाच बैठकीत. ‘घरचं माणूस’ हा शब्द नियमात बसत नाही असं चष्मा म्हणाला. मग त्यानेच तो बसवला.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

आज ताई केंद्रात आल्या. मुलगी बरोबर होती, शिडशिडीत, वडिलांवर गेली असावी. मॅडमनी खुर्ची दिली, ताई बसल्या नाहीत. पडद्यावर हुकूम देऊन पैलवानाने वाक्य आणलं आणि बाजूला झाला. ‘बोगद्यात एक माणूस आहे.’

त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मुलीनेही वाचलं. “हे कधीपासून म्हणतंय?” ताईंनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून,” मी म्हटलं. “पण कोणाला कळेल असं म्हणत नव्हतं.”

त्यांनी पिशवी मुलीकडे दिली. मग त्यांच्यासाठी केलेलं नवीन कार्ड हातात घेतलं आणि चष्म्याने दाखवलं तिथे लावलं. पडदा बदलला. ‘लॉक काढला. बोगद्यात कोणी नाही.’

“असं म्हणू नका,” ताई लगेच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “कोणी नाही, हे तुम्हाला काय माहीत?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य माझंच होतं. गेल्या आठवड्यात मोठ्या समाधानाने लिहिलेलं. मी चष्म्याच्या शेजारी बसले आणि सगळ्यांच्या देखत ते बदललं: ‘कोणाचाही लॉक लावलेला नाही. दार उघडता येईल.’ ताईंनी वाचून मान हलवली. यंत्राला माहीत आहे ते एवढंच.

तलाव पुन्हा भरत आला होता, पाणी सोडायलाच हवं होतं. पैलवानाने हुकूम टाइप केला. फोर्स लागणार नव्हता. पण शेवटची कळ दाबायच्या आधी त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मॅडमकडेही नाही. तो खुर्चीत वळला आणि ताईंकडे बघत राहिला.

ताईंनी मुलीचा हात धरला. खिडकीतून ती कमान दिसते, तिकडे बघितलं.

“सोडा,” म्हणाल्या.